सुई माझीच, पोटही माझंच

तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. त्यामुळे इन्शुलिन सुरू झालं तेव्हा सुईची भीती वाटली नाही. तेच नडलं.

बेंबीच्या डावीकडे एक जागा सापडली होती, तिथं टोचलं की दुखायचं नाही. वर्षभर सकाळ-रात्र तिथंच टोचलं. लिंबाएवढी मऊ गाठ आली. गाठीतून इन्शुलिन धड शोषलं जात नाही, म्हणून साखर कधी 280, कधी 90. मी आपली डोस वाढवून घेत राहिले. शेवटी डॉक्टरांनी पोट चाचपलं.

आता पोटाचे चार भाग मनातच आखलेत. आठवड्याला एक भाग, बेंबीपासून दोन बोटं लांब, कालच्या टोचणीपासून बोटभर सरकून. औषध आत गेलं की दहा आकडे मोजून सुई काढायची. आणि सुई दरवेळी नवी. बोथट सुईनं कापडाचं काय होतं ते मला विचारा.

गाठीची जागा सोडली की डोस उतरवावा लागतो, चांगल्या कातडीतून तेवढंच इन्शुलिन जास्त लागू पडतं. डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवाळीच्या शिलाईत मी विसरले. तिसऱ्या दिवशी दरदरून घाम, हात थरथर, सुईत दोरा जाईना. साखर 54. लेक पेढा घेऊन धावला. पण खव्यातल्या तुपानं साखर सावकाश चढते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले. पंधरा मिनिटांनी परत तपासायची, 70च्या खाली असेल तर परत तेवढीच, मग भाकरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागतो, थेट दवाखाना.

माझ्या बाटलीवर 40 लिहिलंय, म्हणजे एका मिलिलिटरला 40 युनिट, तिला लाल टोपणाचीच सिरिंज. इन्शुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसात 100 असतं. त्यातलं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट डोस जातो.

माझं इन्शुलिन दुधाळ, मिश्र. बाटली तळहातांत हलकी घोळवायची, खळखळवायची नाही. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचं, म्हणून ताट आधी वाढून ठेवते, गिऱ्हाईक थांबेल. चतुर्थीला डोसचं आधी विचारून घेते.

नवी बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्शुलिन फेकायचं.

वजन तीन किलो वाढलं. तेही इन्शुलिननं होतं म्हणे. माझ्याच ब्लाउजची शिलाई उसवली, आत माया ठेवलेली होतीच.