किनारा कुशीतला असला तरी: उन्हाळ्यात समुद्रावर जाताना या चुका टाळा

दक्षिण गोव्यातल्या पाळोळ्याला सकाळी सात वाजता समुद्र इतका निवांत होता की बहीण म्हणाली, "दादा, हा समुद्र म्हणायचा की राकसकोपचं धरण?" भाचा हवेच्या ट्यूबवर बसून पाय हलवत होता. पंधरा मिनिटांनी बघतो तर तो पार आत गेलेला. एकही लाट फुटली नव्हती, पाण्याला ओढही नव्हती. त्याला नेलं होतं वाऱ्यानं. रात्रभर जमीन निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. किनाऱ्यावर झाडांच्या आडोशाला उभं राहिलं तर तो जाणवतही नाही. रापणीची जाळी आवरत असलेल्या एका काकांनी होडी घातली आणि पोराला आणून सोडलं. मला एवढंच विचारलं, "वारा कुठला आहे ते बघितलंत?"

मी आदल्या रात्री अंदाज बघितला होता. लाटा अर्धा मीटर, आकाश निरभ्र, कमाल तापमान ३३. तिन्ही आकडे खरे ठरले होते. वाऱ्याची दिशा तेवढी मी वाचली नव्हती. तेव्हापासून घाट उतरण्याआधी मी जे बघतो ते इथे लिहितो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली माणसं लेकरांना घेऊन दर मे महिन्यात चोर्ला, अनमोड नाहीतर आंबोली उतरून खाली जातात. पोरं सोबत आहेत म्हणून मुद्दाम शांत किनारा निवडतात आणि तिथेच गाफील राहतात.

आडोसा असतो तो एका दिशेपुरता

एखादा किनारा सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या बाजूनं? कारवारचंच घ्या. टागोर बीचच्या दक्षिणेला बैतखोलकडची डोंगराची सोंड समुद्रात गेलेली आहे. समोर कूर्मगड, देवगड ही बेटं आहेत. नैर्ऋत्येकडून येणारं पाणी ती सोंड अडवते, आणि बंदर तिथं झालं ते याच आडोशामुळे. पण वायव्येकडून तोच किनारा बराचसा उघडा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आपल्या किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येकडून येतो. त्यामुळे सकाळी आरशासारखं दिसणारं कारवारचं पाणी दुपारी तीनला खवळलेलं, फेसाळ असू शकतं. उत्तरेकडे काळी नदीचं मुख आहे. ओहोटीला नदी आणि समुद्र दोन्हींचं पाणी एकदमच बाहेर धावतं, म्हणून त्या टोकाला पोरांना घेऊन जाऊच नये.

पाळोळ्याचा आकार निराळा. चंद्रकोरीसारखा किनारा, उत्तर टोकाला काणकोण बेट, दक्षिणेला खडकाळ टोक. दोन्ही बाजूंना आडोसा, समोरचं तोंड मात्र उघडं.

निघण्याआधी मोबाइलवर नकाशाचं उपग्रहचित्र उघडा आणि किनाऱ्यावर बोट ठेवून समुद्राकडे चारी अंगांनी फिरवा. जिथे बोट डोंगराला किंवा बेटाला अडत नाही, तेवढ्या दिशा उघड्या. मग अंदाजात वारा आणि लाटा त्या उघड्या दिशेनं येणार आहेत का ते बघा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून येणारा वारा. विंडीसारख्या हवामानाच्या ॲपवर मात्र प्रवाहाच्या रेषा वारा जिकडे चालला आहे तिकडे धावताना दिसतात. शब्द येण्याची बाजू सांगतो, रेषा जाण्याची. हे उलटं वाचलं की सगळा हिशेब उलटा होतो.

वर वळीव, म्हणून खालीही पाऊस?

हवामान खात्याच्या हिशेबात आपण सीमेवरची माणसं चार विभागांच्या मध्ये राहतो. बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात, कारवार किनारी कर्नाटकात, पाळोळे आणि वेंगुर्ला कोकण-गोव्यात, आणि निपाणीच्या पलीकडचं कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात. मराठी पेपरात महाराष्ट्राचा अंदाज येतो, कन्नड वाहिनीवर कर्नाटकाचा. घरात दोन्ही चालू असतात आणि जो कानावर पडला तो आपला, असं आपण धरून चालतो. जायचं असेल कारवारला तर उत्तर कन्नड जिल्ह्याचा इशारा बघा, पाळोळ्याला तर दक्षिण गोव्याचा, शिरोडा-वेंगुर्ल्याला तर सिंधुदुर्गाचा. बेळगावला येलो अलर्ट आहे म्हणून सहल रद्द करणं जितकं चूक, तितकंच बेळगावला ऊन आहे म्हणून निर्धास्त निघणंही चूक.

वळवाचे ढग दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर चढतात. कधी ते आपल्याकडे येतात, कधी वरच्या हवेतल्या पूर्वेच्या वाऱ्यानं संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून वाळूत बसल्यावर समुद्राकडेच बघत राहू नका, अधूनमधून मागे डोंगराकडेही बघा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी दुपारी चारनंतर पोरांना पाण्यात ठेवत नाही.

अंदाजात "तुरळक ठिकाणी पाऊस" असं वाचून लोक हसतात. त्या शब्दाला मोजमाप आहे. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. तो किती जोराचा, हे त्यातून कळत नाही.

लाटेची उंची वाचली, सेकंद वाचले नाहीत

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अंदाजात "लाटा १.२ मीटर" असं असतं. तो सगळ्यात मोठ्या लाटेचा आकडा नसतो. त्या वेळच्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट उंचीची येणार, हे त्यात धरलेलंच आहे. शिवाय हा आकडा बाहेरच्या खुल्या समुद्राचा. जागतिक अंदाजाची संगणकी प्रतिमानं समुद्राचे चौकोन पाडून गणित करतात. त्यांतला बारकातला चौकोनही साधारण नऊ किलोमीटरचा असतो. तुमची डोंगराची सोंड त्या चौकोनाला दिसतही नाही.

उंचीच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, सेकंदांचा. एका लाटेचा माथा गेल्यावर दुसरा माथा यायला लागणारा तो वेळ. दुपारच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा चार-सहा सेकंदांच्या असतात. दिसतात फेसाळ, अंगावर शिंतोडे उडवतात, पण ताकद बेताची. सेकंद चौदा-सोळाच्या घरात गेले की ती लाट इथली नव्हे. ती दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या वादळातून हजारो किलोमीटर चालत आलेली असते. हिशेब करून बघा. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाला सेकंदांनी गुणलं की अंदाजे कळते. दीड मीटर आणि पाच सेकंद म्हणजे सव्वाअकरा. एक मीटर आणि सोळा सेकंद म्हणजे सोळा. अंदाजात बुटकी दिसणारी लाटच जबर.

आणि ती वळते. पाच सेकंदांच्या लाटेला वीसेक मीटर खोलीवर तळ लागतो, सोळा सेकंदांच्या लाटेला दोनशे मीटरवरच. तळ लागला की लाट वळायला लागते. म्हणून वाऱ्याच्या छोट्या लाटा डोंगराच्या सोंडेला अडून राहतात, पण ही लांबची लाट वळसा घालून कुशीतल्या किनाऱ्यावरही पोहोचते. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी अचानक वाळूवर दहा पावलं वर चढतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. तो येतो बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमका आपल्या सुट्टीत. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेनं केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी असाच इशारा दिला होता. इन्कॉईसचे लाटांचे इशारे किनाऱ्याच्या जिल्ह्यांच्या नावानिशी येतात. ते बघायला दोन मिनिटं लागतात.

या लाटा झुंडीनं येतात. एक झुंड गेली की दहा-पंधरा मिनिटं समुद्र झोपल्यासारखा. नेमक्या त्या वेळी पोहोचलेला माणूस म्हणतो, काही नाही, शांत आहे. म्हणून गाडीतून उतरल्यावर पोरांना वीस मिनिटं वाळूतच खेळवायचं. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्यावं.

भरती मुंबईची, किनारा गोव्याचा

पेपरात छापलेली भरतीची वेळ बहुतेकदा मुंबईची असते. मुंबईला उधाणात पाण्याचा चढउतार चार मीटरच्या वर जातो, गोवा-कारवारला दोनच्या आसपास. वेळही जुळत नाही, कारण भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते. गोव्यासाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, कारवारसाठी कारवारचं. काही संकेतस्थळांवर वेळ ग्रीनिचची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. कोष्टकात ०.३ मीटर लिहिलं म्हणजे पाणी फूटभरच, असाही अर्थ नाही. ती मोजणी ठरावीक खालच्या पातळीपासून केलेली असते.

घरात कॅलेंडर आहे, त्यात तिथी आहे. कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. कोष्टक बघायचंच, पण कोष्टक चुकीच्या गावाचं उघडलं असेल तर हा हिशेब ते लगेच उघडं पाडतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. लहान पोरं सोबत असतील तर मी भांगाचे दिवस निवडतो.

पाळोळ्याला ओहोटीत काणकोण बेटाकडे चालत जाता येतं, म्हणून लोक जातात, फोटो काढतात, वेळ विसरतात. ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी निघा आणि पाणी फिरलं की तडक परत या.

"पाहुण्यांना सवड नाही, जूनमध्ये जाऊ"

आपल्या शाळा मेअखेर उघडतात, कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्यांच्या सुट्ट्या जूनच्या मध्यापर्यंत. मग सगळ्यांच्या सोयीनं बेत जूनच्या पहिल्या आठवड्यात ढकलला जातो. तो ढकलू नका. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि समुद्रही होड्यांचा राहत नाही. केरळात मान्सून यायची सर्वसाधारण तारीख १ जून, पण २०२५ साली तो २४ मे रोजीच आला. मे महिना संपण्याआधीही वादळं होतात. २०२१ चं तौक्ते १७ मे रोजी गुजरातला धडकलं, पण त्याआधी कारवार-गोव्याला झोडपत गेलं. वादळ कुठे धडकणार हे बघून आपण सुटलो असं समजू नये. ते जवळून जाणार आहे का, आणि त्याच्या लाटा कुठे पोहोचणार, हेही बघायचं.

पोहोचलात आणि अंदाज जुळेना

अंदाज शांत म्हणतो आणि समोर लाटा फुटताहेत, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. बेत बदला. त्याच परिसरात दुसऱ्या दिशेला तोंड असलेला किनारा सापडतो का बघा, नाहीतर दुपार वाळूत काढा.

फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एखादा गडद, गुळगुळीत पट्टा दिसला तर तो उतरायला बरा वाटतो. तिथूनच पाणी बाहेर परततं. कुशीतल्या किनाऱ्यावर असा पट्टा बहुधा खडकांच्या कडेनं असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ सुटली की परत या. दमलात तर तरंगत राहा आणि हात वर करा.

वीज चमकली की आवाजापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर सगळे पाण्याबाहेर. माडाखाली किंवा झावळ्यांच्या झोपडीत नव्हे, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

तापमान ३३ वाचून बेळगावसारखं ऊन समजू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत जातं आणि पोरं पाण्यात असल्यामुळे ते कळत नाही.

हवेची ट्यूब, गादी सकाळी पाण्यात घालायचीच असेल तर तिला दोर बांधा आणि दोराचं टोक मोठ्या माणसाच्या हातात द्या. गोव्यात लाल बावटा दिसला की पाण्यात पाय नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखालची असते, तिथेच राहा.

कुणी ओढलं जाऊ लागलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. ११२ ला फोन लावा, जीवरक्षकाला हाक मारा आणि तरंगणारं काहीतरी त्याच्याकडे फेका. आपल्या प्रत्येक गाडीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन असतोच. तो रिकामा करून झाकण घट्ट लावला की माणूस त्याला धरून तरंगू शकतो. किनाऱ्यावर गेल्यावर तो गाडीत ठेवू नका, सोबत घ्या.