मोटरच्या पेटीतला मॉडेम नीट ऐकतोय का?

तासगावच्या आमच्या द्राक्षबागेत मोटर मोबाईलवरून चालू होते. मेसेज पोचेना की लोक थेट मॉडेमच, म्हणजे पेटीतलं मोबाईलचा मेसेज घेणारं यंत्रच, बदलतात. पैसे घालवू नका, आधी रिसीव्हर, म्हणजे मॉडेमचा सिग्नल पकडणारा भाग, तपासा.

यूएसबी-सिरियल केबलने मॉडेम लॅपटॉपला जोडा, टर्मिनलमध्ये (मॉडेमला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅममध्ये) 'एटी' (AT) टाइप करून एंटर दाबा. 'ओके' आलं की 'एटी+सीएसक्यू' (AT+CSQ) टाइप करा, ही सिग्नल किती ते विचारायची आज्ञा. उत्तरात स्वल्पविरामाआधीचा आकडा बघा, ० ते ३१. त्याची दुप्पट करून ११३ वजा करा, की डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) मिळतं: १५ म्हणजे उणे ८३, काम भागतं. ९९ म्हणजे सिग्नल मोजताच आला नाही. एका आकड्यावर विसंबू नका, दहाबारा वेळा घ्या.

माझ्या पत्र्याच्या पेटीत ७ यायचा. अँटेना बाहेर खांबावर बांधली, १८ झाला! चांगली अँटेना लावूनही आकडा हलला नाही, तरच केबल आणि मॉडेमवर संशय घ्या.