उत्पादन बंद झालेल्या मॅच एअर रायफलींची दुरुस्ती शिकताना

आयटीआयमधून फिटर किंवा टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि नेमबाजीची मनापासून ओढ असलेल्या तरुणांसाठी हे लिहीत आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी एका लेथच्या गाळ्यात काम करत असताना एक वयस्कर नेमबाज आपली फाइनवेर्कबाऊ ३०० एस ही स्प्रिंगवर चालणारी जर्मन मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल घेऊन आले. मॉडेलचे उत्पादन केव्हाच थांबले होते, सुटे भाग मिळत नव्हते आणि दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर छर्रे इतके खाली लागत होते की, साइट पूर्ण वर घेऊनही काळ्या वर्तुळात पोहोचत नव्हते. रायफल उघडली तेव्हा पिस्टनचा धक्का झेलणाऱ्या प्लास्टिकच्या बफरचा जुन्या हिंगासारखा चिकट, तपकिरी भुगा हाताला लागला. त्या काळातले हे प्लास्टिक रायफल न वापरताही नुसत्या वयाने कुजते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

कामाला हात घालण्यापूर्वी कायदा नीट समजून घ्यावा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या मॅच रायफली या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. मात्र पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरच्या) किंवा अन्य कोणत्याही बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना आवश्यक असतो. ओळखीच्या माणसाने कितीही गळ घातली, तरी त्या कामाला हात लावू नये.

या कामात मला कळलेली मुख्य गोष्ट अशी की, रायफल कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून घडवली गेली हे समजले, म्हणजे तिचा बिघाड कुठे शोधायचा हेही समजते. स्प्रिंगच्या रायफलीत जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा बॅरलमधून बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असल्यामुळे एवढी हालचालही परवडत नाही. फाइनवेर्कबाऊने १९६० च्या दशकात यावर काढलेला उपाय म्हणजे सगळी यंत्रणा रुळांवर बसवून तिला मागे सरकू देणे, जेणेकरून खांद्याला धक्का जाणवू नये. डायना या जर्मन कंपनीने गिस नावाच्या पद्धतीत विरुद्ध दिशांना धावणारे दोन पिस्टन बसवले; ती रायफल पुन्हा जोडताना दोन्ही पिस्टनांचा मेळ दातऱ्यांवर अचूक जमवावा लागतो, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. वाल्थर कंपनीने १९७४ च्या सुमारास आपल्या एलजीआर मॉडेलमध्ये स्प्रिंगच काढून टाकली आणि तरफेच्या एकाच दाबाने हवा कोंडण्याची पद्धत आणली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, त्यानंतर कार्बन डायऑक्साइडच्या आणि पुढे २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफली रुळल्या. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे आपल्याकडे मे महिन्यात आणि वातानुकूलित रेंजवर तीच रायफल वेगवेगळ्या उंचीवर मारा करते. तो रायफलीचा दोष मानून ती उघडत बसू नये.

रायफलीची घडण आधी समजून घ्यावी, हे मी मोठी चूक करून शिकलो. ३०० एसमध्ये एकापुढे एक अशा दोन स्प्रिंगा असतात. त्या थकल्या होत्या म्हणून मी एका कारखान्यातून तारेची जाडी, व्यास आणि वेटोळ्यांची संख्या अगदी जुळवून नवी जोडी करून घेतली. रायफलीचा वेग परत आला, पण प्रत्येक फायरला ती किंचित पिळवटल्यासारखी फिरू लागली आणि छर्रे विखुरले. आठवडाभर मी बॅरल, साइट आणि रूळ तपासत राहिलो. शेवटी जुन्या स्प्रिंगा टेबलावर शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एकीचा पीळ उजवा आणि दुसरीचा डावा असल्याचे दिसले. स्प्रिंग दाबली वा सुटली की तिला पीळ बसतो, आणि तो रद्द व्हावा म्हणून ती जोडी मुद्दाम विरुद्ध पिळाची केलेली होती. मी दोन्ही उजव्या पिळाच्या करून आणल्या होत्या.

तेव्हापासून कोणताही भाग सुटा करण्यापूर्वी मी त्याचा फोटो काढतो, व्हर्नियरने माप घेतो, पीळ आणि दिशा वहीत लिहितो. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय रायफल कधीही उघडू नये. हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांसाठी, म्हणजे ओ-रिंगांसाठी, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हेलपाटे घालावे लागतात. तिथे मापाबरोबर पदार्थ आणि कडकपणाही सांगावा, कारण सत्तर आणि नव्वद शोअरच्या (शोअर हे कडकपणाचे माप) रिंगा दिसायला सारख्याच असतात, पण दाबाखाली वेगळ्या वागतात. कॉम्प्रेशन चेंबरमध्ये शिलाई मशीनचे तेल मुळीच घालू नये. दाबाने हवा तापते, तेल पेटते आणि सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

सिलिंडरवरच्या रायफलींत सर्वांत आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. जर्मन मॅच रायफलींच्या सिलिंडरना साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. वैधतेची जबाबदारी खेळाडूचीच असते. रायफल उत्तम स्थितीत असली, तरी तिच्या आट्यांना बसणारा नवा सिलिंडर मिळतो का, याची खात्री होईपर्यंत दुरुस्तीचे पैसे स्वीकारू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला आपला पावसाळा. खाडीकाठच्या दमट हवेत फोमच्या पेटीत ठेवलेली रायफल जुलैअखेर ठिपक्याठिपक्यांनी गंजलेली निघते, कारण फोम ओल धरून ठेवतो. ती कपाटात उभी ठेवावी, शेजारी सिलिका जेल ठेवून दर पंधरवड्याला ते बदलावे आणि घामाचे हात लागलेला पोलादी भाग त्याच दिवशी तेलाच्या फडक्याने पुसावा. बॅरल मात्र वारंवार घासू नये. ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या, बाजूने फेल्टचे (नमद्याचे) गोळे घालून सावकाश साफ केली की पुरते.

दुरुस्ती संपल्यावर रायफल शिकंज्यात धरून दहा छर्रे क्रोनोग्राफ या वेग मोजणाऱ्या यंत्रावरून मारावेत आणि दहाही वेग वहीत लिहावेत. काढलेले जुने भाग फेकू नयेत. त्या पहिल्या ३०० एसच्या दोन्ही थकलेल्या स्प्रिंगा आजही माझ्याकडे नाव, तारीख आणि पिळाची दिशा लिहिलेल्या पाकिटात आहेत आणि त्यांच्यावरून आणखी तीन जोड्या करून घेतल्या आहेत.