इन्स्टॉलेशनच्या फ्लॉप्या मोडीत काढताय? या चुका टाळा

जुन्या मशीनच्या सेटअप फ्लॉप्या पेन ड्राइव्हवर उतरवायच्या आणि मूळ संच भंगारात द्यायचा, असं आता बऱ्याच वर्कशॉपमध्ये चाललंय. उतरवायला हव्यातच. सोनीनेसुद्धा मार्च 2011 मध्ये फ्लॉप्यांची जपानातली विक्री थांबवली. आज मिळतो तो जुना साठा. पण हे काम ज्या घाईने उरकलं जातं, ते बघवत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॉपी-पेस्ट. फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या कप्प्यात, बूट कोड असतो: मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम. तो फाइल म्हणून दिसत नाही, त्यामुळे कॉपीही होत नाही. डिस्कचं आतलं लेबलही मागेच राहतं, आणि बरेच जुने सेटअप पुढची डिस्क मागताना नेमकं तेच तपासतात. भोसरीच्या एका कारखान्यात डॉसवर चालणाऱ्या मोजमापाच्या मशीनची हार्ड डिस्क गेली. तिथल्या नव्या पोराने आधीच सगळ्या फ्लॉप्या एकाच फोल्डरमध्ये ओतल्या होत्या. प्रत्येक डिस्कवर त्याच नावाची एक ओळखीची फाइल होती. विंडोजने दर वेळी विचारलं आणि तो 'यस टू ऑल' दाबत गेला. शेवटच्या डिस्कची तेवढी फाइल उरली. मूळ संच भंगारवाल्याकडे गेलेला. शेवटी तसंच मशीन असलेल्या दुसऱ्या मालकाने जपून ठेवलेला संच दिला, त्याच्या इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या हुबेहूब प्रती, काढल्या, तेव्हा काम सुरू झालं. तोवर मशीन बंद आणि ऑर्डरी अडकलेल्या.

मी लिनक्सवर 'डीडी' या कमांडनेच इमेज काढतो. डिस्क कुरकुरत असेल तर खराब जागेतूनही जमेल तेवढं वाचणारं 'डीडीरेस्क्यू'. 1.44 एमबीच्या फ्लॉपीची इमेज 14,74,560 बाइट भरली पाहिजे. कमी भरली तर ती इमेज माझ्या लेखी नाहीच.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर सगळं होईल, हा दुसरा भ्रम. विंडोज 95 च्या फ्लॉपी संचात पहिली डिस्क साधी असते, पुढच्या डीएमएफ या जास्त माहिती मावणाऱ्या फॉरमॅटच्या: एका ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या एका गोल पट्टीवर, 18 ऐवजी 21 सेक्टर. यूएसबी ड्राइव्ह सहसा तिथे हात टेकतो. त्यासाठी 34 पिनांच्या केबलचा जुना ड्राइव्ह आणि तो लावता येईल असा मदरबोर्ड सांभाळून ठेवा.

आता बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडलेली फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये सारणाऱ्यांना काय म्हणावं! आधी पत्र्याची झडप सरकवा, मागचं धातूचं चाक बोटाने फिरवा आणि आतली काळी तबकडी उजेडात तिरकी धरून पूर्ण फेरा बघा. पांढुरके ठिपके किंवा कडं दिसलं तर थांबा. ती बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या डिस्कवरही ओरखडे ओढते. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा अलगद टेकवून तबकडी फिरवतो, पूर्ण वाळू देतो, आणि अशा डिस्कसाठी वेगळा ड्राइव्ह वापरतो. प्रत्येक डिस्कनंतर त्याचा हेडही पुसतो. वेळ जातो. जाऊ दे.

राइट-प्रोटेक्ट, म्हणजे डिस्कवर लिहिणं रोखणारी सोय, चालू केल्याशिवाय डिस्क घालू नका. विंडोज 95-98 नुसती डिस्क वाचतानाही बूट सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहून ठेवतं. साडेतीन इंचीला भोक उघडं म्हणजे सुरक्षित, सव्वापाच इंचीला खाच झाकलेली म्हणजे सुरक्षित.

स्टिकरचे फोटो काढा. सिरियल नंबर बहुतेक वेळा तिथेच असतो.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसून पेन ड्राइव्हवरच्या इमेज वाचणारा गोटेक इम्युलेटर बसवल्यावर मशीनला ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी त्याचा ड्राइव्ह क्रमांक ठरवणारा एस0-एस1 जंपर तपासा. लोक थेट इम्युलेटर बदलायला धावतात.

इमेज निघाली म्हणजे झालं, असं मानू नका. त्याच मशीनवर दुसरी हार्ड डिस्क लावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत इन्स्टॉल करा, प्रोग्रॅम उघडून बघा. त्यानंतरही मूळ संच मी सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवायला लावतो आणि इमेजची एक प्रत मालकाकडे, एक माझ्याकडे.