वारं गेलेला हात ओढू नका: लकव्याच्या माणसाला घरी उठवताना, बसवताना

दवाखान्यातून सुटी होऊन रिक्षा दारात थांबते, आणि पहिली चूक तिथंच होते. एक जण या बगलेत हात घालतो, दुसरा त्या बगलेत, आणि दोघं मिळून माणसाला वर ओढतात. उचलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, खांदा मात्र त्याच दिवसापासून बिघडायला लागतो.

खांद्याची वाटी बशीसारखी उथळ असते. हाडाचा गोळा तिच्यात टिकतो तो मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या पकडीमुळं, आणि लकव्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेकदा हीच पकड ढिली असते. 60 किलोच्या माणसाचा एक हात साधारण तीन किलोचा भरतो. तेवढं वजन दिवसभर लोंबत राहिलं की गोळा खाली सरकतो आणि खांद्याच्या टोकाखाली बोट बुडेल एवढा खळगा लागतो. पुढं दुखतं म्हणून माणूस हात हलवू देत नाही, हलत नाही म्हणून हात आखडतो. सुधारणा सगळ्यात वेगानं होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच महिने खांदा सांभाळण्यात निघून जातात.

सगळ्यात आधी खाट बघा. झोळ पडलेली बाज चालणार नाही, तिच्यावर कूस बदलता येत नाही. कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा उंचीची घट्ट कॉट किंवा दिवाण लागतो. सोबत तीन उशा, दोन जाड टॉवेल आणि एक सोलापुरी चादर काढून ठेवा. बाजारातल्या महागड्या पट्ट्यांच्या आधी या चादरीचाच उपयोग होतो.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. चांगल्या कुशीवर झोपवलं तर लुळा हात छातीसमोर उशीवर पूर्ण टेकवा, मनगट उशीखाली लोंबू देऊ नका, आणि लुळा पाय गुडघ्यात वाकवून दुसऱ्या उशीवर ठेवा. लुळ्या कुशीवरही झोपवायचं असतं, बरेच घरचे भीतीनं ते टाळतात. तेव्हा खांदा अंगाखाली चेंगरू नये म्हणून खांद्याचं पातं हलकेच पुढं घ्या. हात धरून पुढं ओढू नका. उताणं झोपवताना पात्याखाली टॉवेलची पातळ घडी आणि हाताखाली उशी द्या. तळपायाला फळी किंवा वीट टेकवायची पद्धत सोडा. त्या दाबानं पाय जास्तच ताठतो.

आता खुर्चीवर बसवणं. खुर्ची चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी लावा. चाकाची असेल तर ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. माणसाला चांगल्या कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, चांगल्या हातानं त्याला स्वतःला रेटा द्यायला लावा. तुमचा आधार पात्यामागं आणि कमरेला. उठून बसल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, कारण एकदम उभं केलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते. चादरीची लांब, वीतभर रुंद घडी करून कमरेभोवती घट्ट बांधा. ही तुमची मूठ. दोन्ही तळपाय गुडघ्यांच्या किंचित मागं घ्या. तुम्ही समोर उभे राहा आणि लुळ्या गुडघ्याला तुमचा गुडघा लावून ठेवा, म्हणजे तो दुमडणार नाही. मग 'पुढं वाका' म्हणा, 'उठा' नव्हे. नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं की ढुंगण आपोआप उचललं जातं. त्याला तुमच्या मानेला लोंबकळू देऊ नका, तुमची कंबर जाईल. लहान पावलं टाकत वळा आणि पायांना मागून खुर्ची लागली की बसवा. माणूस जड असेल तर दोघं लागतात, दुसऱ्यानं मागून चादर धरावी.

खुर्चीत लुळा हात मांडीवरून खाली घसरतो. समोर टेबल किंवा मांडीवर उशी ठेवून कोपरापासून बोटांपर्यंत आधार द्या. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

व्यायामालाही टॉवेलच. टेबलावर घडी टाका, त्यावर लुळा तळवा, वर चांगला तळवा. कमरेतून वाकत टॉवेल पुढं सरकवा, परत आणा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा, दुखायच्या आत थांबत. दाराला दोरी-चाक टांगून हात वर खेचायचा प्रकार आमच्या मते बंदच ठेवावा. पातं फिरत नसताना हात खांद्याच्या वर गेला की स्नायू हाडांत चिमटतात. बोटं हलू लागली की भुईमुगाच्या शेंगा घ्या: एका ताटातून दुसऱ्यात वीस शेंगा, पुढं लुळ्या हातानं शेंग धरून चांगल्या हातानं फोडायची. विड्या वळणाऱ्या बाई लगेच पान-दोरा मागतात, पण ते काम फार बारीक आहे, शेंगा जमल्यावरच द्या.

गरम विटेनं शेकणं नको. संवेदना कमी असल्यानं फोड येईपर्यंत कळत नाही. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखली तर तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खाताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी सध्या बाजूला, भुगा घशात अडकतो. पाण्यानं ठसका लागतो किंवा आवाज ओला, घोगरा होतो म्हणून पाणीच कमी केलं, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीर सुकतं आणि बद्धकोष्ठ होतं. डॉक्टरांकडून गिळणं तपासून घ्या. बऱ्याच जणांना ज्वारीच्या आंबिलीसारखं दाटसर सोसतं, पण किती दाट ते तपासणाऱ्यालाच ठरवू द्या.

काठी चांगल्या हातात, मूठ मनगटाच्या रेषेला. उंबरठा, पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी. शहाबादी फरशी ओली असेल तर चालवूच नका, आणि स्लीपरऐवजी मागं पट्टा असलेली सँडल द्या.

तोंड पुन्हा वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद अचानक गेली तर 108 ला फोन करा आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.