बोगनवेलीच्या बोन्सायला फुलं येत नाहीत? या चुका टाळा

हायवेच्या दुभाजकावरची बोगनवेल धूळ खात, मे महिन्याच्या उन्हात पानं दिसू नयेत इतकी फुललेली असते. तीच ट्रेमध्ये लावून रोज निगा राखली की हिरवीगार होते, पण फुलायचं नाव घेत नाही. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं, "पाणी वेळेवर देते, खतही देते, मग अडतंय कुठे?" बहुतेक वेळा अडतं ते त्या पाण्यापाशी आणि खतापाशीच.

आधी झाड नीट बघा. नव्या फांदीवर, पान जिथे फांदीला चिकटतं त्या बगलेत काय आहे? बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा एकाच जागच्या अंकुरातून येतात. सावली, भरपूर पाणी, मोठे दिवस असले की त्या अंकुराचा काटा होतो. भरपूर ऊन, लहान दिवस आणि थोडा कोरडेपणा मिळाला की फुलोरा. पेरापेरावर लांब काटे असतील, तर झाड सध्या नुसतं वाढण्याच्या मागे आहे असं समजा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज ठरल्या वेळी पाणी घालणं. आपल्या शेतकऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. संत्र्याचा आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरची फुलं, धरायचा असला की विदर्भातला बागायतदार डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो आणि मग पाणी देऊन ताण तोडतो. बोगनवेलीला हेच करायचं, फक्त बेतानं. संत्र्याचा ताण काही आठवड्यांचा असतो, तर उथळ ट्रेमधली माती एक-दोन दिवसांतच सुकते. पावसाळा संपला की पाणी थांबवा आणि शेंड्याकडची पानं बोटांत धरून बघत राहा. एरवी कोऱ्या कागदासारखं ताठ लागणारं पान धुवून मऊ पडलेल्या सुती कापडासारखं लागलं आणि शेंडा किंचित झुकला, की त्याच संध्याकाळी खालच्या भोकांतून वाहीपर्यंत पाणी द्या. असं तीन-चार वेळा करा. पानं कुरकुरीत होईपर्यंत मात्र थांबू नका. नुकतीच कुंडी बदललेल्या किंवा आजारी झाडाला ताण मुळीच देऊ नका. आणि बगलेत काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढ्या कळ्या दिसल्या की ताण संपला, आता पाणी नियमित. इथे चुकलात तर कळ्या गळतात.

खताचं म्हणाल, तर १९:१९:१९ सारखं, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं खत दर आठवड्याला दिलं की त्यातल्या नत्रानं पानंच फोफावतात. सप्टेंबरपासून ते बंद करा. त्याऐवजी नत्र नसलेलं ००:५२:३४ लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा पुरे. कोरड्या मातीत खत घालू नका, मुळं भाजतात.

बोन्साय करणाऱ्यांच्या हातून हमखास होणारी चूक छाटणीची आहे. झाडाचा आकार बिघडू नये म्हणून आपण येता-जाता शेंडे खुडतो. पण बोगनवेल फुलते ती नव्या फुटव्यावर, आणि तेही बरंचसं टोकाकडे. म्हणजे येऊ घातलेला बहार रोज आपल्याच कात्रीखाली जातो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा मनासारखी छाटणी करा, फुटवा चार-पाच बोटं वाढला की एकदाच शेंडा खुडा, आणि मग कात्री बाजूला ठेवा. दोन महिने झाड थोडं विस्कटलेलं दिसेल. दिसू द्या.

"आमच्या गॅलरीत भरपूर उजेड असतो," असं कुणी म्हटलं की मी विचारते, ऊन किती तास असतं? बोगनवेलीला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. उजेडावर ती जगते, फुलत नाही. सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून मोजा. रात्रभर रस्त्याचा दिवा झाडावर पडत असेल, तर जागाही बदला, कारण तिला मोठी अंधारी रात्र लागते.

कुंडी वारंवार बदलू नका. कुंडीत मुळं थोडी दाटलेली असली की ती चांगली फुलते, आणि तिची बारीक मुळं हात लागताच तुटतात. बदलायचीच असेल तर बहार संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मातीत विटांचा चुरा भरपूर हवा, म्हणजे पाणी साचत नाही.

रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, रंग चढलेली पानंच ती. खरं फूल म्हणजे मधली बारीक फिकट नळी. म्हणून ती नळी सुकली तरी रंग बरेच दिवस टिकतो. तो कागदासारखा वाळू लागला की दोन-तीन डोळे (फांदीवरचे अंकुर) ठेवून फांद्या छाटा, पाणी नेहमीसारखं सुरू करा, आणि नवा फुटवा आला की पुन्हा पानाच्या बगलेत बघायला लागा.