कपाटाचं ॲप डिझाइन करताना: पहिल्या प्रोजेक्टसाठी कामाच्या गोष्टी

पोर्टफोलिओसाठी, म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या कामांसाठी, ‘शाश्वत फॅशन’ हा विषय घेणारे बरेच जण पहिल्याच दिवशी फिग्मा हे स्क्रीन आखायचं साधन उघडतात आणि हिरव्या रंगाची होम स्क्रीन करून मोकळे होतात. विषय चांगला आहे, सुरुवात चुकते. रोजचे कपडे ठरवून देणाऱ्या ॲपनं ‘हा कपडा आज घालता येईल का’ हे आधी सांगायचं असतं. ‘शोभेल का’ हा नंतरचा प्रश्न. इस्त्रीला दिलेला कुर्ता किंवा दोरीवरची ओली जीन्स सुचवणारं ॲप चार दिवसांत फोनवरून जातं. नवा कपडा न घेता घरात आहे तो जास्त वेळा अंगावर येणं, एवढाच या ॲपचा शाश्वतपणा.

तुम्ही कोल्हापुरात असाल तर संशोधनासाठी गावाबाहेर जायची गरज नाही. सहा ते आठ घरं निवडा: राजारामपुरीतली कॉट बेसिसवरची खोली, शाहूपुरीतलं एकत्र कुटुंब, कागल एमआयडीसीत शिफ्ट करणारा कामगार, एखादी शिक्षिका. ‘पर्यावरणाबद्दल काय वाटतं’ असं विचारू नका, सगळे चांगलंच बोलतात. गेल्या दिवाळीपासून अंगाला न लागलेले दहा कपडे काढायला सांगा आणि प्रत्येकाचं कारण एकेका चिठ्ठीवर लिहा. ब्लाउज तंग झाला, फॉल सुटला, चेन बिघडली, जोडीची ओढणी सापडत नाही, ‘हे आधी फोटोत आलंय’. मग सारख्या कारणांचे गठ्ठे करा. सगळ्यात जाड गठ्ठा तुमची होम स्क्रीन ठरवतो. तो तंग ब्लाउजचा निघाला तर ‘शिंप्याकडे’ ही यादी पहिल्याच पानावर हवी, आणि तिथे एकच प्रश्न: शिलाईत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, आहे का? असेल तर ब्लाउज उसवून सैल होतो. नसेल तर जोड द्यावा लागतो किंवा दुसरा शिवावा लागतो, आणि तो खर्च बघून माणूस साडीच कपाटात ठेवतो.

खरी मेहनत माहितीच्या मांडणीत आहे. परदेशी ॲपांचा साचा वरचा कपडा, खालचा कपडा, बूट असा असतो. साडी त्यात कुठेच बसत नाही. साडी, ब्लाउज आणि परकर यांच्या तीन वेगळ्या नोंदी करा आणि जोड्यांसाठी स्वतंत्र तक्ता ठेवा, कारण एक काळा किंवा सोनेरी ब्लाउज पाच-सहा साड्यांवर चालतो. पंजाबी ड्रेसचं उलटं दुखणं. तिन्ही तुकडे एकच नोंद म्हणून घेतले तर ती ओढणी दुसऱ्या कुर्त्यावर कधीच सुचवली जाणार नाही. तिन्ही सुटे घेतले तर ॲप भलत्याच जोड्या लावत बसेल. म्हणून नोंद प्रत्येक तुकड्याची, आणि ‘मूळ जोडी’ अशी खूण वेगळी. रंगाचे रकाने दोन ठेवा, अंगाचा आणि काठाचा. कापडात सुती, रेशमी, कृत्रिम आणि ‘माहीत नाही’. हा शेवटचा पर्याय नसला की लोक पहिलाच दाबून पुढे जातात आणि सगळं कपाट सुती होऊन बसतं.

काठाच्या रंगाचा उपयोग नवरात्रात कळतो. नऊ दिवसांचे नऊ रंग ठरलेले असतात आणि एखादा रंग घरात नाही म्हणून महाद्वार रोडला किंवा गांधीनगरला खरेदी होते. मोरपंखी साडी नसेलही, पण मोरपंखी काठाची एखादी असते, नाहीतर तशी ओढणी असते. ‘हा रंग माझ्याकडे कुठे आहे’ असा शोध दिला तर एक खरेदी खरोखर टळते. रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, त्यामुळे तो कोडमध्ये पक्का बसवू नका. संक्रांतीलाही अपवाद हवा: शुभकार्याला काळं टाळणारा नियम त्या दिवशी उलटा होतो.

पहिल्या दिवशी सगळं कपाट भरून घेणं हा हमखास फसणारा टप्पा. शंभर कपड्यांचे फोटो काढायला कुणी बसत नाही. पंधरा-वीस नेहमीचे कपडे पुरेत. बाकीचे जसे अंगावर येतील तसे नोंदवू द्या. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, पलंगावर पसरून, चेहरा न येता. पांढरा शर्ट पांढऱ्या चादरीवर ठेवला की पार्श्वभूमी कापणारं साधन बाही खाऊन टाकतं, म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच ‘गडद चादर घ्या’ असं लिहा. साडी अशी घडी घालून की पदर, काठ आणि अंग तिन्ही दिसतील. फोटोची लांब बाजू 1024 पिक्सेलवर आणा. ते फोनमध्येच ठेवा. कपाट ही खाजगी गोष्ट आहे.

कपड्याच्या स्थिती सात धरा: स्वच्छ, एकदा घातलेला, धुण्यात, वाळत, इस्त्रीला, शिंप्याकडे, उसना दिलेला. माणसासमोर मात्र एका वेळी दोनच बटणं यावीत. रात्री नऊला सूचना, ‘आज काय घातलं?’, खाली तीन अंदाज आणि मग ‘पुन्हा घालणार’ किंवा ‘धुवायला’. इस्त्रीचा गठ्ठा एकदम जातो आणि एकदम येतो, तेव्हा अनेक कपडे एका झटक्यात निवडता आले पाहिजेत. बारा शर्ट एकेक करून कुणी दाबणार नाही.

‘वाळत’ला वेळेची मर्यादा लावा आणि ती महिन्यानुसार बदला. एप्रिलमध्ये एक दिवस, जुलैत पातळ कपड्याला दोन आणि जीन्सला तीन-चार दिवस धरा; खरा आकडा वापरणाऱ्याला बदलता यावा. पावसाच्या दिवशी कोल्हापुरी चपलेला यादीतून आपोआप बाहेर काढा. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल चामड्याची. भिजली की तळ फुगतो आणि आकार जातो. हवामानाचा अंदाज ओपन-मेटिओकडून अव्यावसायिक वापरासाठी फुकट मिळतो.

सुचवण्यासाठी सुरुवातीला एआय लागत नाही. आधी स्थिती, मग पाऊस-पाणी, मग प्रसंग अशी चाळणी लावा आणि उरलेले कपडे ‘किती दिवसांत घातला नाही’ या क्रमानं मांडा. हे दिवस नव्वदच्या वर मोजू नका आणि लग्नाचे कपडे रोजच्या यादीतून वगळा, नाहीतर रोज सकाळी लग्नातला शालू पहिला येईल. पर्याय तीनच दाखवा, त्यातला एक विसरलेला.

‘तुम्ही इतके लिटर पाणी वाचवलं’ असे आकडे दाखवण्याचा मोह टाळा. कापूस कुठे पिकला, कापड कुठे रंगवलं यावर ते बदलतात. नोकरीच्या मुलाखतीत आधार विचारला की उत्तर नसतं. वापरामागचा खर्च मात्र घरातलाच आकडा आहे: 2400 रुपयांची साडी चार वेळा नेसली तर दर वेळी 600, बारा वेळा नेसली तर 200. पण हाच हिशेब पैठणीला लावला तर आजीच्या साडीवर ॲप टोमणे मारतंय असं वाटतं, आणि स्वस्त टी-शर्ट उगाच जिंकतात. तुलना एकाच प्रकारात ठेवा आणि ठेवणीतले कपडे वगळा.

मराठी स्क्रीनचे नियम थोडे पण कडक. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, बटण किमान 48 डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरचं माप), मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यातला काँट्रास्ट किमान 4.5 ला 1. प्रत्येक बटणात ‘इस्त्रीला दिलेल्या कुर्त्या’ लिहून बघा. रफार किंवा उकार कापला गेला तर तिथेच दिसतो.

कोड लिहिण्याआधी दोन आठवडे व्हॉट्सॲपवर चाचणी घ्या. पाच जणांनी रोज पसरलेल्या कपड्यांचा फोटो पाठवायचा, तुम्ही हातानं सुचवायचं. सूचना किती वेळा नाकारली आणि कोणत्या कारणानं, हे रोज टिपा. बहुतेक नकार ‘ते धुण्यात आहे’ असेच असतील आणि स्थितींचं महत्त्व तिथेच सिद्ध होईल.

कपाटातून कपडा बाहेर काढायची स्क्रीनही करा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये तीच नसते. पर्याय इथलेच ठेवा: अल्टर, नात्यात देणे, बोहारणीला, वाकळ (गोधडी), पुसणं. मऊ झालेली सुती साडी वाकळीला उत्तम. पॉलिस्टर घाम टिपत नाही आणि पुसायलाही निरुपयोगी, तेव्हा त्या कापडाला शेवटचे दोन पर्याय दिसूच नयेत. पुण्यातल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना तीस स्क्रीन नेण्यापेक्षा आठ न्या, आणि त्यात ही एक नक्की असू द्या. तिच्याशेजारी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो आणि टाकून दिलेला पहिला आराखडा लावा. प्रश्न त्यावरच येतात.